क्रूस मोजत धावणारे घरमालक

आमचे घरमालक किलोमीटर मानत नसत. वसईकडच्या आमच्या वटारहून अर्नाळा किती लांब, असं कुणी विचारलं तर ते क्रूसांचा हिशेब सांगत. वडाखालचा क्रूस, मग पिठाच्या गिरणीजवळचा, मग वळणावरचा पांढरा, मग पाटलांच्या वाडीचा. आमच्या त्या पट्ट्यात दर वळणाला एक क्रूस असतोच, त्यामुळे माप म्हणून ते काही अगदीच वाईट नव्हतं. अडचण एवढीच की प्रत्येक मापाशी हे गृहस्थ उभे राहत. टोपी काढायची, डोळे मिटायचे, क्रूसाची खूण करायची, एक ‘नमो मारिया’ची प्रार्थना म्हणायची, टोपी घालायची आणि पुन्हा धावायला लागायचं. अर्नाळ्याच्या नाक्यावर पोचले की चहावाल्याला छाती काढून सांगायचे, “न थांबता आलो.”

मी एकदा न राहवून म्हटलं, “अंकल, वाटेत प्रत्येक क्रूसाला थांबलात की!”

“थांबलो नाही. उभा राहिलो,” ते म्हणाले. “थांबणारा दमलेला असतो. उभा राहणारा मान देत असतो.”

हे वाक्य त्यांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की मला झोपेतही पाठ होतं. माझं मत मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. हा माणूस देवाच्या नावाखाली दम खातो.

मी कराडकडचा. नोकरी मुंबईत, आणि परवडेल असं घर शोधत शोधत त्यांच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. आता विरारला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, नळ सोडला की पाणी येतं आणि त्यासाठी कुणाबरोबर धावावं लागत नाही. पण ती काही वर्षं मी त्या माणसाच्या राज्यात काढली. राज्यच म्हणायला हवं. नियम पुष्कळ होते आणि ते सगळे तोंडी होते. घरात ते आपल्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मं कळे. माझ्याशी मात्र प्रवचनातलं मराठी. “कृपा करून विहिरीच्या कठड्यावर साबण ठेवू नये. ती विहिरीशी बेइमानी आहे.” किंवा, “पपई पिकली म्हणून ती सार्वजनिक होत नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे.” पपई मी खाल्लीच नव्हती. ती कावळ्याने खाल्ली होती, पण कावळ्याला कृपा करून सांगणार कोण?

गोदीच्या कचेरीत आयुष्यभर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. कचेरी सुटली तरी कचेरीचा पट्टा सुटला नव्हता. धावण्याच्या पातळ पॅंटवरही तो जाड चामड्याचा पट्टा आवळलेला असे. खिशात केळीच्या सोपटात गुंडाळलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. परदेशी धावपटू कसलीशी जेली चोखतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. “आपली सुकेळी त्यांनी पाहिलेली नाही, म्हणून बिचारे जेली चोखतात,” ते म्हणत. कुवेतच्या जावयाने धावायचे भारी बूट पाठवले होते, ते खोक्यातच. ते फक्त शर्यतीच्या दिवशी घालायचे. रोज मात्र जुने कॅनव्हासचे, त्यातून करंगळी बाहेर डोकावायची. नवे बूट आधी पायाला सवयीचे करावे लागतात, असं मी सांगून पाहिलं. “बुटाला सवय करायची, की पायाला?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

आता हे धावण्याचं खूळ शिरलं कसं, ते सांगतो. आमच्या भागातल्या काही हौशी मंडळींनी मदतीसाठी मॅरेथॉन काढायचं ठरवलं होतं. ज्याने त्याने आपल्या आवडीच्या कामासाठी धावायचं आणि ओळखीपाळखीच्यांनी त्या कामाला हातभार लावायचा. गावच्या दवाखान्याला ॲम्ब्युलन्स नव्हती. दवाखाना मठातल्या सिस्टर चालवायच्या. कुणी अत्यवस्थ झालं की केळीचा टेम्पो, नाहीतर कुणाची तरी रिक्षा. रविवारची मिस्सा झाल्यावर देवळाच्या हॉलमध्ये बैठक भरली (चर्चला तिथे देऊळच म्हणतात आणि तिथल्या उपासनेला मिस्सा), आणि आमचे घरमालक उभे राहिले. “ॲम्ब्युलन्ससाठी मी धावेन.” साठी ओलांडलेला, पोट पट्ट्यावर आलेला माणूस. हॉलमध्ये हसू फुटलं. मीही हसलो, कारण हसण्यासारखंच होतं.

तेवढ्यात त्यांचा चुलतभाऊ उठला. याच्या टुरिस्ट बस होत्या, दोन्ही हातांत मिळून बरंच सोनं होतं.

“गाडी मी देतो,” तो म्हणाला. “जुनी नाय, कोरी. पण अट आहे. ह्याने पूर्ण धावायचं आणि मध्ये एकदा पण उभं राहायचं नाय. क्रूस दिसो, नायतर साक्षात देव दिसो.”

हसू एकदम थांबलं. सगळा हॉल आपापल्या चपलांकडे बघू लागला. मला वाटलं, अट फार कडक आहे म्हणून लोक गप्प झाले असतील. आमचे घरमालक म्हणाले, “मान्य,” आणि खाली बसले.

धावायची होती अर्धी मॅरेथॉन. पण ‘अर्धी’ हा शब्द त्यांनी कधीच उच्चारला नाही. कुणी त्यांच्यासमोर उच्चारला तर त्यांना ऐकू येत नसे.

त्यांना जोडीदार हवा होता. मी बोलता बोलता कधीतरी कॉलेजात एनसीसीला होतो असं सांगून बसलो होतो. दुसऱ्याच पहाटे दारावर थाप. “कृपा करून चला.” मी सांगितलं, मला ऑफिस आहे. “धावून आल्यानंतर पंप सुरू होईल,” ते म्हणाले. विहिरीवरच्या पंपाचं बटण त्यांच्या माजघरात. म्हणजे धावलो नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर अंघोळ नाही. ताप असू दे, पाऊस असू दे, पाहुणे असू देत, धावून आल्याशिवाय पंप सुरू होत नसे. याला मी आजही ब्लॅकमेलच म्हणतो.

असा आमचा सराव सुरू झाला. पुढे हे, मागे मी. धावता धावता ते मला धावायचं शिकवत. “खांदे सैल. तोंड बंद. विचार चांगले.” त्यांचं स्वतःचं तोंड मात्र कधी बंद नसे. गावात धावणं ही गोष्टच लोकांना नवी होती. तिकडे माणूस धावायला लागला की काहीतरी अशुभ घडलं असणार, असं लोक धरून चालतात. वाडीतून बाया धावत बाहेर यायच्या, काय झालं म्हणून विचारायच्या. मग घरमालक उभे राहून, माफ करा, थांबून सविस्तर सांगायचे. अर्नाळ्याहून मासळीची टोपली घेऊन येणारी एक कोळीण तर रोज भेटायची आणि रोज विचारायची, “आज कोन गेला?”

“कुणी नाही. मॅरेथॉन आहे,” घरमालक सांगायचे.

“बरा बरा. मंग पानी पी. तोंड बघ कसा झालाय, तूच जाशील.” तिने एकटीने त्यांची खरी पारख केली, असं मला वाटायचं.

माझ्या डोक्यात एक किडा होता. क्रूस नसलेल्या वाटेने नेलं तर हा माणूस किती धावेल? एका सकाळी ओहोटी बघून मी त्यांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो. वाळू घट्ट होती, समोर किल्ला, कडेला काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. उभं राहायला काहीही निमित्त नाही. सुरुवातीला ते ऐटीत धावले. थोड्या वेळाने पाय ओढायला लागले, मग धापा टाकायला लागले, आणि शेवटी ओढून ठेवलेल्या एका होडीच्या कडेला टेकून बसले. चेहरा पार उतरलेला. मला फार आनंद झाला. इतके दिवस जे मनात होतं त्याचा पुरावाच हाती आला होता.

“अंकल, क्रूस संपले की दम संपतो वाटतं,” मी म्हटलं.

 ते समुद्राकडे बघत सुकेळीचं सोपट सोडवत बसले. आणि आश्चर्य म्हणजे मला त्यांनी दिलीच नाही.

त्यांची बायको, आंटी, ही त्या घरातली एकुलती एक शहाणी व्यक्ती. एका रविवारी अंगणात ती राजेळी केळी सोलून उन्हात पसरत होती आणि मी तिला किनाऱ्यावरची फजिती रंगवून सांगत होतो. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

“तुला त्यांच्या मोठ्या भावाचं माहीत नाही ना?” तिने विचारलं.

“नाही.”

“छातीत कळ आली होती भाऊजींना. गाडी कुठली? केळीचा टेम्पो होता, त्यात घातलं. हे मागे बसले, भावाचं डोकं मांडीवर घेऊन. वसईपर्यंत रस्त्याला क्रूसच क्रूस. प्रत्येक क्रूस आला की हे टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारायचे. ड्रायव्हर थांबवायचा. हे टोपी काढायचे. भाऊजींचा हात उचलून त्यांच्याकडून पण खूण करून घ्यायचे.”

“प्रत्येक क्रूसापाशी?”

“प्रत्येक. इस्पितळात पोचले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. पण गाव डॉक्टरचं ऐकतं काय? ह्यांचा चुलतभाऊ तर नाहीच ऐकत. त्याला त्या भावानेच लहानाचा मोठा केला होता.”

आता मला हॉलमधल्या चपला आठवल्या आणि ती अटही कळली. खरं सांगायचं तर मला कीव वगैरे आली नाही. मला त्या माणसाचा मनापासून राग आला. मांडीवर भाऊ तडफडतोय आणि हा पत्र्यावर थापा मारतोय! बरं, एवढं होऊनही शहाणपण आलं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वडाखालच्या क्रूसापाशी स्वारी पुन्हा टोपी काढून उभी.

“अजूनही?” मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

मी काय ऐकून आलोय ते त्यांना कळलं. त्यांनी ‘नमो मारिया’ पुरी केली, टोपी घातली.

“चूक माझी,” ते म्हणाले. “क्रूसाचं काय चुकलं त्यात?”

 मला त्या दिवशी खांदे सैल ठेवायची सूचनासुद्धा मिळाली नाही.

शर्यत रविवारी होती. रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून ते शनिवारी संध्याकाळीच देवळात जाऊन आले. विरारच्या नव्या भागातले रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना टॉवर, मध्ये कुठे झाडाची सावली नाही आणि क्रूस तर नाहीच. पायात जावयाचे बूट. रस्त्याच्या कडेने चुलतभाऊ स्कूटरवरून आमच्या बरोबरीने चालला होता, नजर सगळी यांच्या पायांवर. स्टेजवर डीजे, एकसारखे टी-शर्ट घातलेले लोक, धावण्यापेक्षा स्वतःचे फोटो काढण्यात गुंतलेले. मला वाटलं, निम्म्यात हे कोलमडणार. किनाऱ्यावर मी बघितलंच होतं.

निम्म्यात ते कोलमडले नाहीत. कसे धावले म्हणाल, तर अतिशय वाईट. एक खांदा वर, एक खाली, पट्टा घसरलेला, तोंड उघडं. बुटांनी टाचा सोलल्या होत्या हे मला त्यांच्या पावलांवरून कळत होतं. मी म्हटलं, “हळू चला, चाललं तरी चालतं.” “चालणं चालतं,” ते म्हणाले. “उभं राहणं चालत नाही.” तेवढं बोलायलाही त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

शेवटच्या टप्प्यात रस्त्याचं काम निघालं होतं म्हणून आयोजकांनी सगळ्यांना एका जुन्या गावातून वळवलं. वळण घेतलं आणि समोर क्रूस. पांढरा रंग दिलेला, झेंडूचा हार घातलेला, मोबाइलच्या दुकानाला खेटून. चुलतभावाने तो आधीच पाहिला होता. स्कूटर पुढे घेऊन, स्टॅंडवर लावून तो क्रूसाच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

आता हे थांबणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. अख्ख्या वाटेत एवढा दम लागला नव्हता. थांबायला इतकं चांगलं निमित्त कुणाला मिळणार? शिवाय सवय. त्यांचा हात टोपीकडे गेलाही. मी माझा वेग कमी केला.

त्यांनी टोपी काढली नाही. दोन्ही हातांनी ती खाली ओढली, पार डोळ्यांवर, आणि तसेच आंधळ्यासारखे क्रूसासमोरून धावत गेले. जाताना त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. दमल्याचा नव्हता तो. दमल्याचे त्यांचे सगळे आवाज मला पाठ होते. दम खाण्यासाठी थांबणारा माणूस तिथे थांबला असता, एवढं मला कबूल करावं लागेल. माझी इतक्या महिन्यांची पक्की थिअरी त्या मोबाइलच्या दुकानासमोर निकालात निघाली आणि त्याबद्दलही मला त्यांचा रागच आला.

शेवटच्या रेषेपलीकडे चुलतभाऊ पाण्याची बाटली घेऊन आला. दोघं एकमेकांकडे बघेनात. “गाडी उद्या बुक करतो,” तो म्हणाला, आणि बाटलीचं झाकण त्याने स्वतः उघडून दिलं.

मला वाटलं, संपलं. आता घरी, पंप, अंघोळ. तर हे खाली बसले, बूट काढले, रक्ताळलेले मोजे काढले, आणि मेडल माझ्या हातात दिलं.

“कृपा करून एवढं धरा. एक राहिलाय.”

आणि निघाले उलटे. अनवाणी, लंगडत, समोरून येणाऱ्या धावपटूंच्या गर्दीतून. स्वयंसेवक ओरडतायत, काका, तिकडे कुठे, फिनिश इकडे आहे! मी दोन मेडलं, त्यांचे बूट आणि आयोजकांनी दिलेलं एक काळं पडलेलं केळं घेऊन त्या डीजेच्या शेजारी उन्हात उभा. किती वेळ उभा होतो ते सांगत नाही, पण तेवढ्या वेळात मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या कराडलाही फार लोकांना येत नाहीत.

गाडी आली. फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, सिस्टरनी हार घातला. भाषणं झाली. आमचे घरमालक ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. गावातलाच माणूस तो, त्यालाही प्रवचनातलं मराठी ऐकावं लागलं.

“कृपा करून कुठल्याही क्रूसापाशी गाडी थांबवायची नाही. वेगसुद्धा कमी करायचा नाही. तू पेशंटचं बघ. क्रूसांचं मी बघतो.”

हे शेवटचं वाक्य लोकांनी बोलण्याच्या भरात आलेलं म्हणून सोडून दिलं. पण हा माणूस बोलण्याच्या भरात काही बोलत नाही, हीच तर त्याची कटकट. ॲम्ब्युलन्स पहिल्यांदा पेशंट घेऊन गेली आणि तिच्या मागोमाग, तोच पट्टा, तेच कॅनव्हासचे बूट, हे निघाले. गाडी ज्या ज्या क्रूसावरून न थांबता गेली, त्या प्रत्येकापाशी उभे राहून तिच्या वाटची ‘नमो मारिया’ म्हणून आले. मग दरवेळी तेच. जेवणावरून उठायचे. कुणाच्या लग्नातून निघायचे. नाक्यावरची पोरं म्हणायची, “गाडी गेली, आता शेपूट येईल,” आणि थोड्या वेळाने शेपूट यायचंच. पेशंट कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, याची चौकशी नाही. मी आंटीला म्हटलं, यांना आवर घाला, या वयात हे बरं नाही. ती म्हणाली, “तू घालून बघ.”

मग माझे वडील आले, कराडहून, चार दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा श्वास अडकला. बोलता येईना, ओठ निळे पडायला लागले. मी अंगणात जाऊन काय ओरडलो ते मला आठवत नाही. गाडी आली ती मात्र आठवते, कारण चहा उकळायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. घरमालकांनी स्ट्रेचरचं एक टोक धरलं होतं. दार लावताना माझ्याकडे बघून म्हणाले, “खांदे सैल ठेवा.” त्या क्षणीसुद्धा!

गाडी निघाली. वडाखालचा क्रूस गेला, गिरणीजवळचा गेला. मागच्या काचेतून मी बघत होतो. रस्त्यावर दूरवर एक आकृती, एक खांदा वर, एक खाली. वडाखाली ती थांबली. टोपी काढली. मग वसईकडचं वळण आलं आणि दिसेनाशी झाली. मास्कआडून वडिलांनी डोळ्यांनीच विचारलं, कोण? मी म्हटलं, “आमचे घरमालक. त्यांना सवय आहे.” 

वसईला पोचलो ते वेळेत पोचलो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दुपारी वडिलांना डोळा लागला तेव्हा मी कपडे आणायला घरी आलो. अंगाला घाम, रात्रीचेच कपडे, डोक्यात मात्र एकच विचार, की आज सकाळचं धावणं झालेलं नाही, म्हणजे पाणी नसणार.

वाडीत शिरलो तर पंपाचा आवाज येत होता. टाकी भरून पाणी वाहत होतं, केळींच्या आळ्यांत तळं साचलं होतं. आंटी ओट्यावर बसली होती.

“अंकल कुठे आहेत?” मी विचारलं.

“आले कुठे अजून?” ती म्हणाली. “वसईपर्यंत क्रूस काय थोडे आहेत! आणि आता लंगडतात पण.” मग माझ्या अवताराकडे बघून म्हणाली, “जा, अंघोळ करून घे. जाताना पंप चालू करून गेलेत, म्हणाले, तो येईपर्यंत बंद करू नकोस.”